सारंगची रेघ

शनिवार उजाडला की अख्खा महाराष्ट्र टेबलावरून खिशात जातो. सोमवार ते शुक्रवार लोक कचेरीत मोठ्या पडद्यासमोर बसतात, त्यामुळे टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिम आमच्या तक्त्यावर टेकडीसारख्या वर येतात. शनिवारी ती टेकडी बसते आणि मोबाइलची रेघ चढते. दिवाळीत टेकडी आठवडाभर गायब. दहावीच्या निकालादिवशी मात्र विसरलेले ब्राउझरसुद्धा जिवंत होतात, कारण त्या दिवशी कपाटावरचा धूळ खात पडलेला लॅपटॉपही खाली उतरतो.

मी ऋजुता मगदूम. कोल्हापूरच्या जाल-गणना केंद्रात मी या रेघा बघते. सरकारी सेवांची पानं कोण कुठल्या सिस्टिमवरून, कुठल्या ब्राउझरमधून उघडतं, याची मोजदाद हे आमचं काम. ऐकणाऱ्याला जांभई येते. येऊ दे! मला मात्र एखादी रेघ जरा वाकडी झाली तरी जेवण गोड लागत नाही.

त्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात वाकली ती सारंगची रेघ. सारंग ही टॅबलेटवर चालणारी आपल्याच मातीतली सिस्टिम. एके काळी शाळाशाळांतून तिचे टॅबलेट वाटले होते. मग ती बनवणारी कंपनी बुडाली, शाळांचे टॅबलेट भंगारात गेले आणि रेघ खाली खाली येत गेली. आरोग्यसेवेच्या तक्त्यावर ती आता हजारात एकाच्या पार खाली उतरली होती.

हजारात एक हा उंबरठा आहे. जी सिस्टिम त्याहून कमी वेळा दिसते, तिच्यासाठी सेवा चालू ठेवणं परवडत नाही आणि सुरक्षितही नसतं, कारण जुन्या सिस्टिमच्या भोकांतून चोर शिरतात. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांची सरासरी उंबरठ्याखाली गेली, की पुढच्या पहिल्या तारखेला सर्व्हर तिच्यासाठी आपोआप दार लावून घेतो. कोणी सही करत नाही, कोणी आदेश काढत नाही. शिव्या द्यायच्या म्हटल्या तर कोणाला द्यायच्या, तेही कळत नाही.

आणि माझा थोरला भाऊ सारंगवर बोलत होता.

धैर्यशील मगदूम हे नाव सांगली-कोल्हापूरकडच्या कुस्तीशौकिनांना सांगायला नको. जत्रेच्या मैदानात माइक हातात घेतला की दादा दहा हजार माणसं उभी करायचा. मग घशाच्या कॅन्सरनं त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. वर्षभर आमच्या घरात पाटीवर लिहून बोलणं चाललं. त्या वर्षी वहिनी मला एकदा म्हणाली, ‘भांडायचं झालं तरी हे आधी खडू शोधतात गं.’ आम्ही हसलो आणि मग दोघीही रडलो.

त्यानंतर बोलपट्टी आली. स्वरयंत्र गेलं तरी माणसाची बोलायची इच्छा स्नायूंपर्यंत पोहोचतच असते. प्रत्येक शब्दाला जीभ, जबडा, हनुवटीखालचे स्नायू बारीकसे हलतात आणि त्या हालचालीबरोबर विजेच्या अगदी क्षीण लहरी उठतात. गळ्याभोवतीची पट्टी त्या टिपते आणि खिशातल्या लहानशा टॅबलेटमधून आरोग्यसेवेच्या सर्व्हरकडे धाडते. सर्व्हर लहरींवरून शब्द ओळखतो. शब्द टॅबलेटवर परत येतात आणि ब्राउझरमध्ये उघडं असलेलं पान ते मोठ्यानं बोलतं. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं.

पान बोलायचं ते ज्याच्या त्याच्या आवाजात. दादाच्या जुन्या मैदानांच्या ध्वनिफितींवरून कंपनीनं त्याचा आवाज हुबेहूब बांधला होता. कंपनी बुडाली तेव्हा सर्व्हर सरकारनं चालवायला घेतला, पण लोकांचे आवाज ही खासगी मालमत्ता. कायद्याप्रमाणे ती पुसली गेली. मग ज्याचा त्याचा आवाज उरला फक्त त्याच्या टॅबलेटवर आधीपासून उघड्या असलेल्या पानात. तो चोरीला जाऊ नये म्हणून कंपनीनं त्याला असं कुलूप घातलं होतं, की मलाही ते उघडलं नाही. पान एकदा बंद केलं की पुन्हा उघडताना सर्व्हरवरचे तयार आवाज मिळणार. एक पुरुषाचा, एक बाईचा. नवा आवाज बांधायचा तर, खोट्या आवाजांनी इतक्या फसवणुकी झाल्यानंतर, माणसानं स्वतःच्या गळ्यातून समक्ष संमती द्यावी असा नियम आला होता. गळा असता तर पट्टी कशाला लागली असती? पट्टी सारंगखेरीज दुसऱ्या कुठल्या सिस्टिमशी जुळत नव्हती. नवी यंत्रं होती, पण ती गळ्यातल्या शाबूत नसांवर बसवायची. दादासारख्यांच्या उपयोगाची नव्हती.

म्हणून राज्यातल्या साडेतीन हजार पट्टीवाल्यांचा एक नेम होता: पान मिटायचं नाही. खिशात जादा बॅटरी, लग्नाला गेलं तरी आधी चार्जरची जागा हेरायची. भेटल्यावर ‘कसं काय?’च्या जागी ‘पान उघडं?’ असं विचारायचे. मला त्याचं हसू यायचं.

*

शनिवारी मी गावी गेले. शेजारच्या गावात जत्रेचं मैदान होतं आणि दादा मचाणावर उभा होता.

“हां बघा, हां बघा, पट काढला! कब्जा घेतला! अरं सुटतोय, सुटतोय... न्हाई सुटत! घिस्सा मारला आणि चितपट! वाजवा हलगी!”

हलगी कडकडली, फेटे उडाले. चौथ्या-पाचव्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता, “आवाज मशीनचा हाय म्हणं. पर मशीनला घाम फुटलेला बघ की.” दादाला खरंच घाम फुटला होता.

कुस्त्या संपल्यावर उसाच्या रसाच्या गाड्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला.

“म्हंजे एक तारखेपासनं मी मुका,” तो म्हणाला. स्वतःच्या आवाजात म्हणाला, म्हणून ते मला जास्त लागलं.

“तू एकटा नाहीस दादा, सगळेच.”

“आमी साडेतीन हजार हाय. तुझ्या तक्त्यात किती दिसतो?”

“तक्त्यात माणसं दिसत नाहीत. पान किती वेळा उघडलं ते दिसतं.”

“आणि आमी तर ते एकदाच उघडलंय. सहा वर्षांमागं.”

मी ग्लास खाली ठेवला. इतकी वर्षं मी रेघा बघत होते आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. आमचं यंत्र पान उघडल्याची नोंद घेतं, ते किती वेळ उघडं राहिलं याची नाही. जो दिवसरात्र त्या पानावर जगतो तो आमच्या लेखी नाहीच. आणि दुसऱ्या बाजूला हरकामे! हल्ली प्रत्येकाच्या फोनमध्ये एक हरकाम्या असतो; तो मालकाच्या नावानं डॉक्टरची वेळ बघतो, औषधांचे भाव बघतो, रिपोर्ट आला का बघतो आणि पुन्हा बघतो. मालक आजारी असला की एकेक हरकाम्या दिवसाला शंभरदा पान उघडतो, आणि ते मालकाचंच उघडणं धरलं जातं. आरोग्यसेवेची पानं त्यामुळे दिवसाला साठ लाख वेळा उघडू लागली होती. त्यातलं हजारात एक म्हणजे सहा हजार. रेघ नुसती सारंग कमी झाल्यामुळे पडली नव्हती. भोवतीची गर्दी फुगली होती.

*

सोमवारी मी रणदिवे सरांच्या खोलीत गेले. सर म्हणजे आकड्यांचा माणूस. वाईट नाहीत, पण घरी भाजीत मीठ किती घालायचं हेही ते सरासरीवरून ठरवत असतील.

“तुमचं म्हणणं पटतं मला,” ते म्हणाले. “मोजणी उघडण्याची नको, वापराची हवी. समितीपुढे ठेवू. वर्षभरात बदल होईल.”

“सर, माझ्या हातात महिनाही नाही.”

“व्याख्या मधेच बदलली की मागचे सगळे आकडे रद्दी होतात, ऋजुता. आज तुमचा भाऊ, उद्या आणखी कोणाचा मेहुणा. प्रत्येकासाठी मोजपट्टी वाकवायची?”

मी ताडताड निघून आले आणि दार आपटलं. मग माझ्या टेबलाशी बसून, कधी करीन असं वाटलं नव्हतं ते केलं. सारंगचा मुखवटा लावून दर मिनिटाला दहा वेळा पान उघडेल असा एक खोटा हरकाम्या लिहिला. चहा निवायच्या आत लिहून झाला. खोटी उघडझाप बाद करणारी कुठली गाळणी त्याला पकडेल आणि कशी पकडणार नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? त्या गाळण्या मीच लावलेल्या. चालू करण्याआधी मी दादाला फोन केला. का केला कोण जाणे. परवानगी हवी होती बहुतेक.

“नुरा कुस्ती लावतीस व्हय?” तो म्हणाला.

“दादा, तुझ्या बोलण्याचा प्रश्न आहे!”

“हाय की. आणि मी मैदानात उभं राहून ठरवून लावलेल्या कुस्त्या सांगायचं कधी केलं न्हाई. दोन मैदानं गेली त्यापायी, ठाऊक हाय न्हवं तुला? खोट्या आकड्यावर बोलायचं म्हंजे रोज त्येच भ्या. कधी पकडलं जाईल आणि मग आमी समदेच खोटे. पुसून टाक त्ये.”

मी पुसलं. रागानं पुसलं, पण पुसलं.

“खरीच लढत करू की,” तो पुढे म्हणाला. “उघडलेलं मोजता न्हवं तुमी? मग उघडतो. प्रत्येकानं दिवसातनं दोनदा मिटायचं, दोनदा उघडायचं. सात हजार होत्यात.”

“दादा, पहिल्यांदा मिटलंस की तुझा आवाज गेला.”



“एक तारखेला जाणारच हाय,” तो म्हणाला. “जाताना कायतरी कामाला येऊ दे.”

*

पट्टीवाल्यांच्या गटावर दोन दिवस रणकंदन झालं. कोणी म्हणालं सरकार मुदत वाढवेल, कोणी म्हणालं कोर्टात जाऊ. मिरजेच्या मुजावर चाची, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, “धैर्यशील, माझ्या मालकांची नजर पूर्ण गेली आहे बेटा. ते मला आवाजानं ओळखतात. दुसऱ्या बाईच्या आवाजात मी त्यांना भाकरी कशी वाढू?”

मग दादानं लिहिलं, “चाचींनी मिटायचं न्हाई. त्यांच्या वाटणीचं मी उघडतो.” खाली एकामागून एक लोकांनी लिहिलं, ‘मी पण’, ‘मी पण’. वाद तिथे मिटला. बाकी सगळे तयार झाले. हो म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल याचा मी विचार करू धजले नाही.

सोळा मार्चला सकाळी मी दादाकडेच होते. वहिनी ओट्याशी उभी होती. टॅबलेट समोर धरून दादा बसला आणि म्हणाला, “चहा टाक.”

“एवढंच?” वहिनी वळून म्हणाली. “शेवटचं बोलायचं ते चहा टाक?”

“मग काय म्हणू?”

“नाव घ्या माझं.”

दादा लाजला. एवढा माइकवाला, पण बायकोला आयुष्यभर ‘अगं’, ‘ऐक की’ म्हणत आलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं.

“शैलजा,” तो म्हणाला. आणि पान मिटलं.

पुन्हा उघडायला थोडा वेळ लागला. मग टॅबलेटमधून एक स्वच्छ, शहाणा, कुठल्याच गावचा नसलेला आवाज आला, “चहा टाक.”

“टाकते हं,” वहिनी म्हणाली, आणि परका माणूस घरात आल्यासारखा तिनं पदर सारखा केला. तिचं तिलाच कळलं तशी ती आत निघून गेली. चहा मी केला.

*

रेघ चढली. तिसऱ्या दिवशी ती हजारात एकाच्या वर होती. मी कचेरीत एकटीनंच टाळ्या पिटल्या. आणि दुसऱ्या दिवशी ती शून्यावर!

खोटे हरकामे पकडायच्या गाळणीनं सारंगची सगळी उघडझाप बाद केली होती. कारण बघायला गेले तर हसावं की रडावं कळेना. दादानं गटाला सांगितलं होतं, सकाळी आठाच्या ठोक्याला आणि संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, ‘समद्यांनी एकदम!’ मैदानाची सवय. साडेतीन हजार टॅबलेट एका क्षणी मिटत होते आणि एका क्षणी उघडत होते. माणसं अशी वागत नाहीत. माणसं विसरतात, उशीर करतात. यंत्रंच अशी कवायत करतात.

मी रणदिवे सरांना तक्ता दाखवला. नियमाप्रमाणे त्यांनी स्वतः दहा नंबर निवडून फोन लावले. मी समोर उभी.

“हॅलो, कोण बोलतंय?”

“नमस्कार, मी बाबासाहेब खोत, जत.” स्वच्छ, शहाणा आवाज.

दुसरा फोन. “नमस्कार, मी विठोबा गेडाम, आरमोरी.” तोच आवाज. तिसरा, चौथा, तोच. पाचव्या फोनवर बाईचा आवाज आला, आणि सहाव्यावर तोच बाईचा.

सरांनी फोन ठेवला. “ऋजुता,” ते हळूच म्हणाले, “हे एकच यंत्र आहे.”

“सर, ही माणसं आहेत! मोजलं जावं म्हणून त्यांनी स्वतःचे आवाज टाकले. म्हणून सगळे एका आवाजात बोलतात.” मी ओरडत होते. बाहेरचे लोक बघू लागले.

“हे मलाही खरं वाटतंय,” सर म्हणाले. “पण हल्लीचा हरकाम्यासुद्धा हेच सांगेल. चेहरे बघावे म्हटलं तर खोटा बनवता येतो म्हणून व्हिडिओ कधीचा पुराव्यातून बाद आहे.” त्यांनी डोळे चोळले. “नियमात एकच वाट आहे. चिठ्ठ्या टाकून चाळीस नावं काढायची. त्यांनी इथं समक्ष यायचं. चाळीसातले छत्तीस आले, तर ही सगळी उघडझाप माणसांची.”

“कधीपर्यंत?”

“एकतीसला, कचेरी बंद व्हायच्या आत.”

वरून मंजुरी यायला आठवडा गेला; चाळीस नावं निघाली ती सत्तावीसला. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंतची. दादाचं नव्हतं. हातात चार दिवस होते आणि त्यातले निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे. मी त्या चार दिवसांत काय खाल्लं मला आठवत नाही. दादा फोन करत राहिला, गाड्या जुळवत राहिला, त्या परक्या आवाजात ‘येताय न्हवं?’ विचारत राहिला. मला मात्र त्याचा फोन आला की मी आधी ‘कोण?’ म्हणायचे. दर वेळी. त्यानं एकदाही ते बोलून दाखवलं नाही.

*

एकतीसला दुपारी आमचं सभागृह भरलं. चाळीसच येणार म्हणून आम्ही चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. आले त्याच्या चौपट. ज्यांचं नाव निघालं नव्हतं तेही आले होते. न जाणो, कोणी कमी पडलं तर! कोणाच्या पायाला सूज होती, कोणी सलाइनची पट्टी हातावर तशीच ठेवून आलं होतं. सगळ्यांच्या गळ्याला पट्ट्या. मुजावर चाची मालकांचा हात धरून भिंतीशी उभ्या होत्या.

रणदिवे सरांनी हजेरी सुरू केली.

“बाबासाहेब खोत.”

“हजर.”

“विठोबा गेडाम.”

“हजर.”

“हरिश्चंद्र पेडणेकर.”

“हजर.”

तोच आवाज. त्याच पट्टीत, त्याच शांतपणे. आधी सर नुसते पडद्यावरची नावं वाचत होते. पाच-सहा नावांनंतर ते थांबले. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची सोडून ते पुढे आले आणि एकेकासमोर उभे राहून नाव विचारू लागले. आवाज ऐकून काही उपयोग नव्हता. चेहऱ्याकडे बघावंच लागत होतं. एका आजींच्या टॅबलेटची बॅटरी संपली होती. त्यांनी हात वर केला. सर म्हणाले, “हो, दिसलात,” आणि पुढे गेले.

अडतीस झाले. सरांनी माझ्या टेबलावर वाकून स्वतःच्या हातानं गाळणीचा शेरा बदलला: ‘माणसं’. पडद्यावर सारंगची रेघ उठली आणि उंबरठ्याच्या अगदी केसभर वर जाऊन थांबली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एप्रिल निभावला होता. मग मे येणार होता, हरकामे वाढतच राहणार होते आणि समितीची बैठक कधी होईल ते समितीलाच ठाऊक. उद्या सकाळी सगळ्यांना पुन्हा मिटायचं होतं, पुन्हा उघडायचं होतं. फक्त या वेळी एकदम नाही.

“कोणी राहिलं का?” सरांनी विचारलं.

मागून दादा उठला. “मी ऱ्हायलो,” तो त्या कुठल्याच गावच्या नसलेल्या आवाजात म्हणाला. “पर माझं नाव न्हवतं निघालं.”

“मग?”

“नुसतं हजर म्हणायचं हुतं.”

सरांनी हातातला कागद खाली ठेवला. “म्हणा,” ते म्हणाले.

“हजर.”

डोळे मिटले असते, तर तो माझा दादा आहे हे मला कळलं नसतं. म्हणून मी ते उघडे ठेवले आणि तो खाली बसेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले.